ओळखीची फरशी

आधी गंज दिसला. मग मोझॅकचे खडे दिसले, पांढरे, काळे आणि मधूनच एखादा विटकरी. फरशीचा तो तुकडा साधारण वहीच्या पानाएवढा होता आणि त्याच्या एका कोपऱ्यावरून गंजाची एक कमान गेली होती. गॅसचा सिलिंडर वर्षानुवर्षं एकाच जागी ठेवला की त्याच्या बुडाचं जे वर्तुळ फरशीवर उमटतं, त्याचा चतकोर तुकडा. जानेवारीतला रविवार होता, सकाळचे साडेसात. येरवड्याच्या बाजूला मुळा-मुठेच्या काठी जिला सगळे सलीम अली पक्षी अभयारण्य म्हणतात, त्या जागेच्या उतारावर आम्ही पंधरा-वीस जण हातात रबरी मोजे चढवून राडारोडा गोळा करत होतो. मी वाकलेली होते ती तशीच राहिले. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "ताई, जड असेल तर राहू द्या, मुलं उचलतील." मी म्हटलं, "नाही, जड नाहीये." तुकडा गोणीत न टाकता मी माझ्या कापडी पिशवीत टाकला आणि वर पाण्याची बाटली ठेवली. चोरी लपवावी तशी.

त्याच्या अडीच महिने आधी, दिवाळीपूर्वी, आमच्या विश्रांतवाडीच्या घरातलं स्वयंपाकघर मी फोडून घेतलं होतं.

घर आईबाबांचं. 1986 साली घेतलेलं, दुसऱ्या मजल्यावरचं. आई गेल्यावर वर्षभर मी त्या ओट्याला हात लावला नाही, मग एक दिवस सगळंच एकदम काढायचं ठरवलं. कडाप्प्याचा ओटा, मोरी, फरशी, सगळं. ठेकेदार भला माणूस होता. वेळेवर यायचा, चहा मागून घ्यायचा, "ताई, ह्या जुन्या फरश्या आता मिळत नाहीत हं" असं हळहळून मग त्यांच्यावर घण घालायचा. तिसऱ्या दिवशी जिन्याखाली गोण्यांचा ढीग लागला आणि सोसायटीच्या अध्यक्षांचा फोन आला, संध्याकाळपर्यंत उचला म्हणून. मी ठेकेदाराला विचारलं, "किती होतील?" तो म्हणाला, "वाघोलीला न्यायचं तर तीन हजार. तिथे महापालिकेचा प्लांट आहे, ते लोक भरडतात आणि त्याच्या विटा, पेव्हर ब्लॉक करतात. नाहीतर मग... बघतो मी, दोनात करून देतो." आणि मी म्हटलं, "बघा."

हा "बघा" गेले कित्येक दिवस माझ्या कानात आहे. कुठे नेणार हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारलं नाही कारण कळलं असतं. बांधकामाच्या राडारोड्यासाठी 2016 पासून वेगळे नियम आहेत आणि ज्याच्या घरातून तो निघतो त्याचीच पहिली जबाबदारी असते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी तर आमच्या गटात नव्याने येणाऱ्या लोकांना हे सांगते. हातवारे करून सांगते.

तो तुकडा आमच्याच घरातला असेल असं मात्र नाही. ऐंशीच्या दशकात पुण्यात जेवढ्या सोसायट्या झाल्या त्यातल्या निम्म्यांत तीच फरशी असेल, आणि सिलिंडरचं वर्तुळ तर घरोघरी. आई दर शनिवारी ते लिंबाच्या सालीने घासायची. वर्तुळ थोडं फिकं व्हायचं, आणि बुधवारपर्यंत पुन्हा पहिल्यासारखं.

बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. रविवारी सायकलच्या पुढच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून मला बसवायचे आणि आम्ही बंडगार्डनला जायचो. जुन्या पुलावर सायकल टेकवून बंधाऱ्यावरून पडणारं पाणी बघायचं, मग भेळ. थंडीत पाण्यावर इतके पक्षी असायचे की मधलं पाणी काळपट दिसायचं. बाबांच्या लेखी पक्ष्यांच्या दोनच जाती होत्या. पोहतं ते बदक, उभं असतं तो बगळा. एकदा मात्र ते गप्प झाले होते. नारिंगी रंगाची एक जोडी पाण्यावर उतरली होती आणि दोघं आळीपाळीने ओरडत होती. आज मला माहीत आहे की ती ब्राह्मणी बदकं, म्हणजे चक्रवाक, हिवाळ्यात हिमालयापलीकडून येतात. बाबा तेव्हा एवढंच म्हणाले, "ही आपल्याकडची नाहीत." पाहुण्यांबद्दल बोलावं तसं, आवाज खाली आणून.

इथे मला स्वतःला थोडं अडवायला हवं, कारण नदीच्या आठवणी सांगताना पुणेकर फार लवकर गहिवरतो. "आमच्या लहानपणी नदीत नाणं टाकलं तर तळाशी दिसायचं" वगैरे. माझ्या लहानपणी नव्हतं दिसत. वास तेव्हाही यायचा. आई नाकाला पदर लावून पूल ओलांडायची आणि बाबा तिला हसायचे. फरक एवढाच की काठ होता. पाणी संपायचं तिथे एकदम भिंत किंवा रस्ता नसायचा. आधी पातळ चिखल, मग घट्ट चिखल, मग लव्हाळी, मग रामबाणाचे उंच दांडे, मग वाळुंजाची झुकलेली झाडं आणि मग कुठेतरी माणसांची पायवाट. नदी कुठे संपली ते नेमकं सांगता यायचं नाही. पावसाळ्यात ती पायवाटेपर्यंत यायची आणि दिवाळीला मागे सरकायची.

सलीम अलींची जागा म्हणजे त्या काठाचा उरलेला तुकडा. फाटकाशी उभं राहिलं तर आता डोक्यावरून मेट्रो दिसते. आगाखान पॅलेसच्या वारशाला धक्का नको म्हणून मार्गिका नगर रोडवरून उचलून कल्याणीनगरकडून वळवली आणि ती पक्ष्यांच्या बाजूला आली. तेव्हा बरेच वाद झाले. 2024 च्या मार्चपासून गाडी धावते आहे, आणि आमच्यातले निम्मे जण रविवारी मेट्रोनेच येतात, मीही कधीकधी. नावाचीही एक गंमत आहे. पाटीवर अभयारण्य असलं तरी भीमाशंकर किंवा मयूरेश्वर सुपे जसं वन्यजीव कायद्याखाली अभयारण्य आहे, तसं हे नाही. हे शहराच्या विकास आराखड्यातलं आरक्षण. आणि पाणथळ जागांसाठी 2017 चे जे नियम आहेत, त्यांच्या व्याख्येतून नदीचं पात्र वगळलेलं आहे. तलाव असता तर पाणथळ. नदीकाठची दलदल ही मात्र कागदावर कुणाचीच नाही. पाय घातला तर गुडघ्यापर्यंत जातो, एवढी पाणथळ आहे ती.

भराव कसा होतो हे मी आता जवळून पाहिलं आहे. एका रात्रीत कुणी पाणथळ बुजवत नाही. आधी रस्त्याच्या कडेला एक टेम्पो रिकामा होतो. दुसऱ्या दिवशी दुसरा टेम्पोवाला तो ढीग बघतो आणि त्याला वाटतं, टाकायची जागा हीच. महिन्याभरात ढिगाचा उतार पाण्याकडे सरकतो. मग कुणीतरी पोकलेन आणून वरून सारखं करतं. सारखं झालं की तिथे रिक्षा लागते, मग दोन गाड्या, मग चहाची टपरी. आणि वर्षभराने त्याच जागेकडे बोट दाखवून कुणीही म्हणतं, इथे कुठे आहे पाणथळ? ही तर मोकळी जागा आहे. खरंच तसं दिसतंही. पुरात झाडं जातात आणि लव्हाळी वाचतात म्हणतात ना, पण वरून दोन फूट विटा-सिमेंट पडल्यावर लव्हाळं कुठे वाकणार?

25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासला धरणातून पाणी सोडलं, मग दिवसभरात ते 35 हजार क्युसेकच्याही पुढे गेलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत लोकांच्या तळमजल्यात नदी शिरली. टीव्हीवर त्या माणसांच्या गाद्या, फ्रिज, मुलांची दप्तरं तरंगताना दिसत होती. पाण्याला पसरायला जी जागा लागते ती वरपासून खालपर्यंत आपण टेम्पोटेम्पोने भरत आणली आहे. त्या संध्याकाळी मी सोसायटीच्या ग्रुपवर हेच लिहिलं होतं, जरा कडक भाषेत. पन्नास अंगठे मिळाले. दिवाळी तेव्हा तीन महिन्यांवर होती.

आमचा गट म्हणजे काही संस्था नाही. पक्षी बघणारे, फिरायला येणारे, कुणाच्या तरी मागून आलेले असे लोक. पुण्यात या कामाची वाट आधीच्यांनी घालून दिलेली आहे. प्रकाश गोळ्यांनी 1982 मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी काढली आणि नदीकाठ म्हणजे बाग नव्हे हे लोकांना शिकवलं. अलीकडे जीवितनदी या संस्थेच्या लोकांनी विठ्ठलवाडीला आणि औंधला किनारे दत्तक घेतले, दर रविवारी जाऊन तेच ते काम करण्याची चिकाटी दाखवली. आम्ही त्यांच्याच पाहून शिकलो. आमच्यात एक निवृत्त काका आहेत. त्यांची दुर्बीण त्यांच्या धाकट्या मुलीपेक्षा जुनी आहे असं तेच सांगतात. कचरा ते फार उचलत नाहीत. उभे राहतात आणि मोजतात. "शेकाट्या चौसष्ट. प्लवा बदक अकरा. थापट्या दोन, तेही लांब." सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा. आम्ही वाकून कंबर मोडतोय आणि हे मोजतायत! पण राडारोडा काढून काही फरक पडला का, हे शेवटी त्यांच्याच वहीत दिसतं.

आणि फरक नेहमी आपल्याला हवा तसा पडत नाही. तीन वर्षांपूर्वी, पावसाच्या तोंडावर, आम्ही एका कोपऱ्यातला रामबाण साफ कापून काढला. दिसायला तो फार गचाळ होता. प्लॅस्टिक अडकलेलं, दांडे वाळलेले, मधे काळं पाणी. चार तास खपलो. काम झाल्यावर आधीचा आणि नंतरचा असे फोटो काढले, आणि खरंच, नंतरचा इतका छान दिसत होता! काका त्या दिवशी गावाला गेले होते. पुढच्या रविवारी आले, उभे राहिले, दुर्बीण लावलीच नाही. कापलेल्या दांड्यांच्या ढिगातून त्यांनी अलगद एक वाटीसारखं विणलेलं काहीतरी उचललं. त्याला चिकटलेलं फिकट कवच होतं, त्यावर तांबूस ठिपके. पाणकोंबडीचं घरटं. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आपल्याला स्वच्छ आवडतं ना." आणि ते घरटं परत ढिगावर ठेवून दिलं.

तेव्हापासून आमच्यात दोन तट आहेत, आणि भांडण मुख्यतः झाडांवरून होतं. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कंपनीचे लोक एकसारखे टी-शर्ट घालून येतात आणि त्यांना झाडं लावायची असतात. पाचशे तरी. चिखलात नका लावू, तो चिखलच ठेवायचा आहे, हे त्यांना सांगणं किती अवघड आहे! उघडा चिखल म्हणजे त्यांना काहीतरी राहून गेलेलं काम वाटतं. पण तिथेच तुतारीसारखे चिखलातले पक्षी चोच खुपसून किडे काढतात, पाणलावा दबून बसतो, आणि कडेच्या उथळ पाण्यात ढोकरी तासन्‌तास मुनीसारखी उभी असते. वड-पिंपळ लावले की पाच वर्षांत सावली होईल आणि यांचं दुकान बंद. मी काकांच्या तटात आहे. निदान तोंडाने. मनातून मलाही झाडाखाली एखादा बाक असावा असं वाटतं.

एक गोष्ट तर मला आजही नीट पचलेली नाही. काकांच्या वहीत शेकाट्यांचा आकडा वाढत गेलेला आहे. लांबलचक गुलाबी पायांचे, तोऱ्यात चालणारे हे पक्षी फोटोत फार देखणे दिसतात. मी आनंदाने म्हटलं, "म्हणजे सुधारतंय की!" काका म्हणाले, "नाही ओ. ह्याला मैलापाणी चालतं. मैल्यातल्या अळ्यांवर तो मजेत जगतो. मासे खाणारे कमी झाले आणि हा वाढला, तर त्याचा अर्थ उलटा." जलपर्णीचंही तसंच. जांभळ्या फुलांचा तो हिरवा गालिचा पाहून पाहुणे म्हणतात, किती सुंदर. तो दक्षिण अमेरिकेतून आलेला, आपल्या संडास-न्हाणीच्या पाण्यावर पोसलेला. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत थांबते, आणि आपण हिवाळ्यात गाडी करून शंभर किलोमीटरवर भिगवणला जातो, रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायला. पुढे पाठवलेलंच पाणी बघायला जातो म्हणा ना. जपानच्या मदतीने 11 मैलाशुद्धीकरण केंद्रांचं काम चालू आहे, ती सगळी चालली तर नदीच्या पाण्याचा रंग बदलेल. मग शेकाट्या कमी होतील, आणि त्या दिवशी मी नक्की कशाचा आनंद मानायचा, ते काकांनाच विचारावं लागेल.

2023 च्या एप्रिलमध्ये नदीकाठची झाडं वाचवायला लोक रस्त्यावर उतरले तेव्हा मीही गेले होते. नदीकाठ सुधार प्रकल्पाचे 44 किलोमीटर, दोन्हीकडे बांधून काढलेले काठ, दगडी उतार, फिरायला रस्ते. त्यात बंडगार्डनजवळचा टप्पा आधी उभा राहिला. एप्रिलचं ऊन, संभाजी बागेपासून चालत निघालेली माणसं, कुणाच्या हातात पोरं, कुणाच्या हातात फलक. झाडाला मिठी मारताना मला आधी लाज वाटली, मग साल गालाला टोचली आणि लाज गेली. पण आता तो बांधलेला तुकडा पाहिला की माझा गोंधळ होतो. संध्याकाळी तिथे किती माणसं येतात! म्हाताऱ्या बायका चपला काढून बसतात, पोरं पळतात. माझी आई आज असती तर तिला तो दगडी काठ आवडला असता, नाकाला पदर न लावता बसता आलं असतं तर. आणि पाणकोंबडीला तिथे बूड टेकायला जागा नाही. ह्या दोन्ही गोष्टी मला एकदमच दिसतात आणि त्यातली कुठलीच मी खोडू शकत नाही.

फरशीचा तुकडा आठ दिवस गॅलरीत होता. नवऱ्याने दोनदा विचारलं, "हे काय आणलंयस?" दुसऱ्यांदा मी सांगितलं. त्याने तो उचलून उजेडात धरला आणि म्हणाला, "आपली नाही ही. आपल्यात विटकरी खडा नव्हता." मी म्हटलं, "होता." मग आम्ही जुने फोटो काढले. आई ओट्याशी उभी आहे, माझा मुलगा तिच्या पायाशी वाटी घेऊन बसलेला आहे, फरशी आहे, पण फोटो इतका पिवळा पडलाय की सगळेच खडे विटकरी दिसतात. सिलिंडर मात्र कोपऱ्यात स्पष्ट आहे, त्याला आईने शिवलेला फुलाफुलांचा झगा. आता पाइपचा गॅस आला. नव्या फरशीवर काहीच उमटत नाही, मी रोज पुसते.

शेवटी ठेकेदाराला फोन केला. आवाज ऐकून तो आधी घाबरला. "काय ताई, नळ गळतोय का?" मी म्हटलं नळ ठीक आहे, तेवढं एक सांगा, आमचा माल तेव्हा कुठे टाकला होता? बराच वेळ काही बोलला नाही. मागे ड्रिलचा आवाज येत होता. "आता काय आठवणार ताई. त्या दिवशी तीन साइटचा माल एकाच टेम्पोत होता. ड्रायव्हरलाच माहीत." मग जरा दुखावल्यासारखा म्हणाला, "तुम्ही बघा म्हणालात ना." खरं होतं ते.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा आधीच्या आठवड्याच्या बेचाळीस गोण्या जिथे रचल्या होत्या तिथेच होत्या. न्यायला गाडी येणार होती ती आली नव्हती. आठ-दहा गोण्या कुणीतरी रिकाम्या करून नेल्या होत्या, प्लॅस्टिकच्या गोणीलाही भाव असतो, आणि आतला माल पुन्हा उतारावरून खाली पाण्याकडे गेला होता. तिथे एक पाणधोबी शेपटी हलवत एका विटेवरून दुसऱ्या विटेवर जात होता. कुणीतरी म्हणालं, वर्गणी काढू आणि आपणच टेम्पो करू. रस्त्यावरून एक जाताना दिसला, त्याला थांबवलं. पिशवीतून तो तुकडा काढून मी सर्वांत वरच्या गोणीत ठेवला, वरून सुतळी बांधली. टेम्पोवाला खाली उतरला, गोण्या मोजल्या, एक पायाने ढकलून पाहिली.

"कुठे टाकायचंय?"

"वाघोलीला. प्लांटवर. पावती आणायची," काका म्हणाले.

"तीन हजार होतील."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दोनात नाही का जमणार?"

काका वहीतून मान वर करून माझ्याकडे बघत होते.